मल्लेश्वरीचे २४० किलो आणि उशिरा उघडलेलं दार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना येणारे 'अं', 'म्हणजे कसं' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

एका मार्काचा प्रश्न

शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असायचा. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कोण? उत्तर : कर्णम मल्लेश्वरी. सिडनी, २०००. भारोत्तोलन. कांस्यपदक. एक मार्क. पाठ करायचं, लिहायचं, पुढच्या प्रश्नाकडे जायचं.

मी हे उत्तर कितीतरी वेळा लिहिलं असेल. पण तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की २००० सालीच का? आधी का नाही? आपल्याकडे जोरकस बायका काय २००० साली जन्माला आल्या? या भागाची तयारी करताना मल्लेश्वरीची सगळी कारकीर्द तारखांनुसार एका कागदावर मांडली, आणि मग लक्षात आलं की त्या एका मार्काच्या उत्तरात गोष्टीचा शेवट आहे. खरी गोष्ट त्याच्या आधीच्या दहा वर्षांत घडून गेली होती. आज ती दहा वर्षं बघू.

रेल्वेलाइनच्या कडेचं गाव

आंध्र प्रदेशाच्या अगदी ईशान्य टोकाला, ओडिशाला लागून, श्रीकाकुलम जिल्हा आहे. हावड्याहून चेन्नईला जाणारी रेल्वेलाइन या जिल्ह्यातून जाते. तिच्यावर आमदालवलसा नावाचं गाव आहे. 'श्रीकाकुलम रोड' हे स्टेशन इथलंच. या गावाजवळच्या वूसवानीपेटा इथे १ जून १९७५ रोजी मल्लेश्वरीचा जन्म झाला. वडील कर्णम मनोहर रेल्वे सुरक्षा दलात कॉन्स्टेबल होते. तरुणपणी फुटबॉल खेळलेले. घरातल्या बहिणींनी एकीमागून एक वजनं उचलायला घेतली.

आता हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या भागात ताकदीच्या खेळांचं कौतुक जुनं आहे. कोडी राममूर्ती नायडू हे नाव मराठी कानांना फारसं ओळखीचं नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलेला हा मल्ल आणि सर्कसवाला याच भागातला. छातीला बांधलेल्या साखळ्या तोडणं वगैरे त्याचे खेळ होते. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या गावात तालीम असणं जसं कुणाला नवल वाटत नाही, तसं तिकडे व्यायामशाळेत वजनं असणं नवलाचं नव्हतं. नवल होतं ते मुली तिथे जायच्या याचं.

मल्लेश्वरी बारा वर्षांची असताना व्यायामशाळेत गेली. तिथले कोच होते नीलमशेट्टी अप्पण्णा. पोरगी अंगाने बारीक होती, हिला कसलं वजन उचलता येणार असं सुरुवातीला वाटलं. पण आई, श्यामला, पाठीशी उभी राहिली आणि सराव सुरू झाला.

मग १९९० साल. मोठी बहीण कृष्णकुमारी हिची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली होती. मल्लेश्वरी सोबत म्हणून गेली. तिथे तिच्यावर एका माणसाची नजर पडली. लिओनिद तारानेन्को. हा बेलारूसचा माणूस १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा विजेता, आणि १९८८ मध्ये त्याने २६६ किलोचा क्लीन अँड जर्क केला होता. म्हणजे अडीच क्विंटलपेक्षा जास्त वजन डोक्यावर! असा माणूस जेव्हा बाजूला बसलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल म्हणतो की हिच्यात काहीतरी आहे, तेव्हा लोक ऐकतात. पुढे तोच तिचा कोच झाला.

खेळ नक्की काय असतो

पुढे जाण्याआधी दोन मिनिटं नियम सांगते, कारण सिडनीत जे झालं ते नियमांशिवाय कळणार नाही.

भारोत्तोलनात दोन प्रकार असतात. पहिला स्नॅच. बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा, मध्ये कुठे टेकवायचा नाही. दुसरा क्लीन अँड जर्क. आधी बार खांद्यांपर्यंत आणायचा, उभं राहायचं, श्वास घ्यायचा आणि मग तिथून झटक्यात वर. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न. दोन्हींतलं सगळ्यात चांगलं वजन घेऊन बेरीज करायची, ती एकूण कामगिरी. बेरीज सारखी आली तर त्या काळच्या नियमानुसार जिचं स्वतःचं वजन कमी ती वरती.

आणि अजून एक गोष्ट, ही लक्षात ठेवा. बारवरचं वजन फक्त वाढत जातं, कमी होत नाही. १३० किलो लावले, की १२५ मागणाऱ्याची वेळ गेली. त्यामुळे हा खेळ जितका दंडाचा तितकाच हिशोबाचा. कधी यायचं, किती मागायचं, समोरची किती मागेल, हे मागे बसून कोच सतत मोजत असतात.

दोनदा जगज्जेती, पण ऑलिंपिकला नाही

आता तो कागद बघू.

१९९३, मेलबर्न, जागतिक स्पर्धा, ५४ किलो वजनगट. मल्लेश्वरी तिसरी. वय अठरा.

१९९४, इस्तंबूल. जगज्जेती. वय एकोणीस. त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई खेळांत रौप्य, आणि अर्जुन पुरस्कारही.

१९९५, चीनमधलं ग्वांगझू. पुन्हा जगज्जेती. या खेळातली सगळ्यात मोठी ताकद म्हणजे चीन, आणि त्यांच्या घरी जाऊन हिने ११३ किलोचा विक्रमी जर्क केला.

१९९६, वॉर्सा. पुन्हा जागतिक कांस्य.

म्हणजे चार वर्षांत चार जागतिक पदकं, त्यातली दोन सुवर्णं. आता मला सांगा, १९९६ मध्ये अजून काय होतं? अटलांटा ऑलिंपिक. सलग दोन वर्षं जगज्जेती राहिलेली वीस-एकवीस वर्षांची मुलगी ऑलिंपिकला जाणार हे उघडच आहे ना?

नाही गेली. जाऊच शकत नव्हती. कारण १९९६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये महिलांचं भारोत्तोलन नव्हतंच.

पुरुषांचं होतं. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून होतं, आणि १९२० नंतर तर एकदाही चुकलेलं नाही. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डेटोना बीचला झाली. आशियाई खेळांत त्यांना १९९० मध्ये बीजिंगला प्रवेश मिळाला. आणि ऑलिंपिकमध्ये २००० साली, सिडनीला. पुरुषांनंतर तब्बल १०४ वर्षांनी.

अटलांटात भारताला एकच पदक मिळालं, टेनिसमध्ये लिएंडर पेसचं कांस्य. सगळा देश आनंदाने वेडा झाला, आणि व्हायलाच हवा होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं, त्यानंतर ४४ वर्षांनी आलेलं ते वैयक्तिक पदक होतं. त्या ४४ वर्षांत 'भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक का मिळत नाही' यावर किती अग्रलेख लिहिले गेले असतील! आणि त्याच १९९६ मध्ये दोन वेळची जगज्जेती भारतीय मुलगी तिकडे उपलब्ध होती, फक्त तिच्यासाठी स्पर्धाच नव्हती.

कुंजराणीचं काय?

इथे एक नाव घ्यायलाच हवं, कारण ते एका मार्काच्या प्रश्नात कधी येत नाही. एन. कुंजराणी देवी, मणिपूर. जन्म १९६८. भारतीय महिलांच्या भारोत्तोलनाची वाट खऱ्या अर्थाने हिने पाडली. १९८९ मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. पुढची कित्येक वर्षं सगळ्यात हलक्या वजनगटांत ती जगात पहिल्या दोन-तिघींत होती. आशियाई खेळांत १९९० आणि १९९४ ला कांस्य.

तिचं वय मांडा. बार्सिलोना १९९२, वय चोवीस. अटलांटा १९९६, वय अठ्ठावीस. भारोत्तोलकाची उमेदीची वर्षं हीच. ती सगळी बंद दारासमोर गेली. दार उघडलं तेव्हा सिडनीच्या संघात ती नव्हती. शेवटी २००४ मध्ये अथेन्सला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती ऑलिंपिकला उतरली आणि ४८ किलो गटात १९० किलो उचलून चौथी आली. छत्तिसाव्या वर्षी चौथी! सव्विसाव्या वर्षी काय झालं असतं, हा प्रश्न मनात येतो आणि तिथेच राहतो.

१९ सप्टेंबर २०००

सिडनीला जाईपर्यंत मल्लेश्वरीचं आयुष्यही बदललं होतं. १९९७ मध्ये भारोत्तोलक राजेश त्यागी यांच्याशी लग्न झालं, श्रीकाकुलमची मुलगी हरियाणातल्या यमुनानगरला आली. १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत ती ६३ किलो गटात खेळली आणि रौप्य घेऊन आली. १९९९ ला पद्मश्री. खेलरत्न त्याआधीच मिळालं होतं. म्हणजे ज्या पदकासाठी आज आपण तिला ओळखतो, ते मिळण्याआधीच देशाचे बहुतेक मोठे सन्मान तिच्याकडे होते.

पण सिडनीच्या निवडीवर टीका झाली. तिचा बहर ओसरला, वजन वाढलंय, हिला कशाला पाठवता, असं लिहून आलं. टीकाकारांचा मुद्दा अगदीच हवेत नव्हता. १९९६ नंतर जागतिक स्पर्धेत पदक नव्हतं, आणि सिडनीत ती उतरणार होती ६९ किलो गटात. ज्या ५४ किलो गटात ती दोनदा जगज्जेती झाली, त्यापेक्षा पंधरा किलो वरती. इथे समोरच्या बायकाही तेवढ्याच वजनदार, त्यामुळे आधीची कामगिरी कामाची नाही, सगळं नव्याने सिद्ध करायचं.

स्नॅचमध्ये तिने ११० किलो उचलले. चीनची लिन वेइनिंग ११०, हंगेरीची एर्झेबेत मार्कुश ११२.५. तिघी एकमेकींना खेटून.

मग क्लीन अँड जर्क. मल्लेश्वरीने १३० उचलले. १३० म्हणजे काय ते बघा. महिलांचा बार १५ किलोचा. दोन्ही बाजूंच्या कॉलर मिळून ५ किलो. उरलेल्या ११० किलोच्या प्लेट्स, प्रत्येक बाजूला ५५. एका बाजूला एक सडपातळ माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधे दांडा. हे डोक्यावर.

एकूण २४०. मार्कुशची बेरीज २४२.५. लिनने १३२.५ उचलून तीही २४२.५ वर. बेरीज सारखी, पण लिनचं स्वतःचं वजन कमी, म्हणून ती वरती. मल्लेश्वरी तिसरी, आणि तिच्याकडे एक प्रयत्न शिल्लक.

त्या प्रयत्नात १३७.५ लावले गेले. उचलले असते तर बेरीज २४७.५ होऊन थेट सुवर्ण. आधीच्या यशस्वी प्रयत्नापेक्षा साडेसात किलोची उडी होती ती. नाही जमलं.

आता अंतिम निकालपत्र हातात घेऊन उलटं मोजलं तर १३५ नेही सुवर्ण मिळत होतं. ११० अधिक १३५, २४५. २४२.५ पेक्षा जास्त. मग साडेसातची उडी का? यावर इतकी वर्षं चर्चा चालू आहे. मला विचाराल तर, निकालपत्र समोर ठेवून हिशोब करणं सोपं असतं. बार फक्त वर जातो, घड्याळ चालू असतं, आणि मागच्या खोलीत बसलेल्यांना पुढचं पान दिसत नसतं.

सुवर्ण आणि कांस्य यांच्यात फरक किती? अडीच किलो. मंडईतून आणलेल्या कांद्याच्या पिशवीएवढा.

तरीही त्या रात्री भारतीय महिलेचं पहिलं ऑलिंपिक पदक आलं. सिडनीत भारताला मिळालेलं ते एकमेव पदक. ज्यांनी 'कशाला पाठवता' विचारलं होतं, त्यांना मिळालेलं हे उत्तर.

तीन दिवस, चार देश

आता या भागातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आपण मल्लेश्वरीकडे फक्त भारताच्या खिडकीतून बघतो. जरा सिडनीच्या त्या सभागृहात आजूबाजूला बघा.

१८ सप्टेंबर, ५८ किलो गट. मेक्सिकोची सोराया हिमेनेझ सुवर्ण जिंकते. मेक्सिकोच्या महिलेचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्याच गटात थायलंडची खस्सरापोर्न सुता कांस्य जिंकते. थायलंडच्या महिलेचं पहिलं ऑलिंपिक पदक.

१९ सप्टेंबर, ६९ किलो गट. मल्लेश्वरी. भारतीय महिलेचं पहिलं पदक.

२० सप्टेंबर, ७५ किलो गट. कोलंबियाची मारिया इसाबेल उरुतिया सुवर्ण जिंकते. आणि हे तर फक्त महिलांचं नव्हे, कोलंबियाच्या इतिहासातलं कुणाचंही पहिलं ऑलिंपिक सुवर्ण! तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकला ती गेली होती, पण गोळाफेक आणि थाळीफेक करायला. नंतर भारोत्तोलनात जगज्जेती झाली, आणि मग तिनेही वर्षानुवर्षं वाट बघितली.

लागोपाठ तीन दिवस, एकाच खेळात, मेक्सिको, थायलंड, भारत, कोलंबिया. चार देशांच्या इतिहासात 'पहिली' असं लिहिलं गेलं. हा योगायोग असेल का? चारही देशांतल्या बायका एकाच आठवड्यात बलवान झाल्या? तसं कसं होईल. त्या आधीपासूनच तयार होत्या. दार त्या आठवड्यात उघडलं.

रिकामा रकाना आणि शून्य

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे एक उदाहरण डोक्यातून जात नाही. डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि रिकामा रकाना वेगळा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामा म्हणजे मोजलंच नाही. नवीन माणूस हमखास रिकाम्याला शून्य समजून बेरीज करतो आणि रिपोर्ट चुकतो.

आपण इतिहास वाचताना हीच चूक करतो. २००० च्या आधी भारोत्तोलनात भारतीय महिलांची ऑलिंपिक पदकं किती, तर शून्य असं पटकन म्हणतो. पण तो रकाना रिकामा आहे. तिथे परीक्षाच झाली नव्हती. 'पहिली' या शब्दापुढची तारीख वाचताना हे स्वतःला विचारायला हवं, की ही तारीख कुणीतरी तयार झाल्याची आहे, की कुणीतरी दार उघडल्याची?

याला उलट बाजूही आहे, तीही सांगते. नुसतं दार उघडून पदक मिळत नाही. भारताच्या पुरुष भारोत्तोलकांना ते दार कितीतरी आधीपासून उघडं होतं, आणि तिथे आजवर आपलं पदक नाही. धावपटूंच्या बाबतीतही तसंच. पी. टी. उषासाठी १९८४ मध्ये दार उघडं होतं, तरी शतांश सेकंदाने पदक हुकलं. तेव्हा सिडनीचं पदक आलं ते दोन्ही गोष्टींमुळे. १९८९ पासून कुंजराणी, मल्लेश्वरी आणि त्यांच्याबरोबरच्या मुली कुणी बघत नसताना जागतिक स्पर्धांमध्ये उतरत राहिल्या, म्हणून दार उघडलं त्या दिवशी आत शिरायला कुणीतरी होतं.

पुढची एकवीस वर्षं

सिडनीनंतर २००१ मध्ये मल्लेश्वरीला मुलगा झाला. २००२ च्या राष्ट्रकुल खेळांतून पुनरागमन करायचं होतं, पण वडील गेले आणि ती उतरली नाही. २००४ ला अथेन्सला ६३ किलो गटात उतरली, पण पाठीच्या दुखण्याने स्पर्धा पूर्ण करता आली नाही. तिथेच कारकीर्द संपली. पुढे तिने यमुनानगरला मुलामुलींना शिकवायला सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये दिल्ली क्रीडा विद्यापीठाची ती पहिली कुलगुरू झाली.

आणि खेळाचं? त्याच अथेन्समध्ये दोन भारतीय महिला भारोत्तोलक उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी निघाल्या. बाहेरच्यांनी उशिरा का होईना उघडलेलं दार आपण आपल्या हाताने अर्धं लोटून घेतलं.

भारतीय भारोत्तोलनातलं दुसरं ऑलिंपिक पदक यायला एकवीस वर्षं लागली. मिराबाई चानू, टोकियो, २४ जुलै २०२१, ४९ किलो गटात २०२ किलो आणि रौप्य. ती मणिपूरची, कुंजराणीच्या राज्यातली. त्याआधी २०१७ मध्ये ती जगज्जेती झाली, तेव्हा बातम्यांमध्ये एक ओळ होती : १९९५ च्या मल्लेश्वरीनंतर पहिलीच भारतीय.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला तो एका मार्काचा प्रश्न विचारला, तर उत्तर तेच द्या. कर्णम मल्लेश्वरी, २०००, कांस्य. पण जमलं तर त्याला एक वाक्य जोडा. ती दोनदा जगज्जेती झाली होती, तेव्हा ऑलिंपिकमध्ये तिच्यासाठी स्पर्धाच नव्हती.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, शाळेत, घरात अशी कुणी आहे का, जी तयार होती पण तिची वेळ आली तेव्हा दार बंद होतं? असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या.